खुंटीवरचा पाय

श्रोतेहो, नवा जोडा घालून चालण्याचा प्रसंग आपणा सर्वांवर केव्हा ना केव्हा आलेला आहे. दुकानात तो झकास बसतो आणि घरी पोचेपर्यंत टाचेला फोड येतो. मग आपण काय करतो? फोडाला खोबरेल लावतो, नवा जोडा कोपऱ्यात सारतो आणि जुनी चप्पल पायात सरकवतो. वास्तविक टाचेची कातडी जाड. निसर्गाने ती ओझे पेलण्यासाठीच घडवलेली आहे. तरीही जोडा चावला की आपण लंगडतो.

आता अशी कल्पना करा की हा जोडा टाचेला नव्हे, तर गुडघ्याखाली नडगीच्या पातळ कातडीला घालायचा आहे. तो कातड्याचा नाही, कडक प्लॅस्टिकचा आहे. त्यात उभे राहून सगळ्या देहाचा भार पेलायचा आहे. आणि तो चावला, तर बदलायला जुनी चप्पल घरात नाही. गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावणाऱ्या माणसाची रोजची गोष्ट ही अशी असते.

कृत्रिम पाय बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. एकदा कामानिमित्त एका खेड्यात गेलो असता एका शेतकऱ्याच्या घरी चहाला बसलो होतो. मळणीयंत्रात सापडून त्याचा उजवा पाय गेला होता. समोरच्या भिंतीवर, बैलांच्या कासऱ्याशेजारी खुंटीला एक नवा कोरा कृत्रिम पाय टांगलेला दिसला. एका शिबिरात सकाळी माप घेऊन संध्याकाळी तो त्याच्या हाती दिला होता. मी विचारले, "काय हो, पाय असा टांगून का ठेवलात?" तो हसून म्हणाला, "पाय लई झकास हाय साहेब, पन त्यो माझा न्हाई." तीन दिवस त्याने तो घातला, चौथ्या दिवशी नडगीच्या टोकाला जखम झाली. तेव्हापासून कुबड्या. कुबड्यांनी दोन्ही हात अडकले, म्हणून शेतातले काम सुटले. आणि त्याच्या जागी थोरला मुलगा शाळा सोडून शेतात गेला.

मी तो पाय खुंटीवरून काढून पाहिला. पाऊल उत्तम होते, उंची बरोबर होती, रंगही मिळताजुळता होता. चूक होती ती एका ठिकाणी आणि थोड्या मिलिमीटरांची. आज त्या मिलिमीटरांविषयीच मी आपल्याशी बोलणार आहे.

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचे तीन भाग. खाली पाऊल, मध्ये नळी आणि वर शरीराचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण. हिला आम्ही कारागीर सॉकेट म्हणतो, आणि उरलेल्या भागाला खुंट. लोकांचे लक्ष नेहमी पावलाकडे जाते, आणि त्यालाही कारण आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे असे पाऊल घडवले की ते अनवाणी चालते, चिखलात उतरते, आणि लावणाऱ्याला उकिडवे बसू देते. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'जयपूर फूट' हे नाव खेडोपाडी पोचले. पण पाऊल जमिनीला लागते. माणसाला लागते ते सॉकेट. पाऊल साधारण निघाले तर माणूस जरा वाकडा चालेल; सॉकेट वाईट निघाले तर तो चालणारच नाही.

असे का, ते एका हिशोबाने पाहू. समजा, खुंटाचा घेर साधारण एकतीस सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या पाच सेंटिमीटर. आणि लांबी पंधरा सेंटिमीटर. त्याच्या बाजूची कातडी सुमारे ४७० चौरस सेंटिमीटर भरते. माणसाचे वजन साठ किलो धरले आणि ते या सर्व कातडीवर सारखे वाटले गेले, तर दर चौरस सेंटिमीटरला किलोचा जेमतेम आठवा हिस्सा येतो. तेच वजन जर हाडाच्या एका उंचवट्यावर, पाच चौरस सेंटिमीटर जागेवर एकवटले, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला बारा किलो! हे ढोबळ गणित आहे; खऱ्या पायात भार इतका सरळ वाटला जात नाही, आणि चालताना पाऊल टेकते त्या क्षणी तो देहाच्या वजनाहूनही वाढतो. पण मुद्दा ध्यानात यावा. शिवाय हे काही एकदा होत नाही. तीन किलोमीटर चालणारा माणूस त्या एका पायावर अडीच हजार वेळा तरी भार टाकतो. दगडावर दोरी घासून खाच पडते. कातडीचे काय होईल ते सांगायला नको.

मग कोणी म्हणेल, "सोपे आहे! खुंटाचा हुबेहूब साचा घ्या आणि त्या मापाचे सॉकेट बनवा." इथेच तर सगळी गोम आहे. हुबेहूब सॉकेट हे चांगले सॉकेट नसते.

आपण आता बसल्या जागी एक करून पाहा. गुडघ्याची वाटी चाचपा. तिच्या लगेच खाली एक जाड, ताठ पट्टा हाताला लागेल. ही कंडरा. अंगठ्याने जोरात दाबा. फारसे दुखत नाही. आता बोट खाली नडगीच्या धारेवर आणा आणि तितकेच दाबा. लगेच 'हाय' म्हणाल. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला थोडे खाली हाडाचा एक लहान गोळा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. तिथे दाब राहिला तर मुंग्या येतात. म्हणजे शरीरात काही जागा भार सोसणाऱ्या आहेत आणि काही मुळीच न सोसणाऱ्या. वाटीखालची कंडरा, नडगीच्या आतल्या बाजूचा वरचा पसरट भाग आणि पोटरीचे मांस हे सोसणारे. नडगीची धार, तिचे कापलेले टोक, बाहेरचा तो गोळा हे न सोसणारे. कारागिराचे काम असे की सोसणाऱ्याला थोडे अधिक काम द्यायचे आणि न सोसणाऱ्याला सूट द्यायची. एकत्र कुटुंबात कर्ता माणूस करतो तेच म्हणा ना.

पूर्वी ही युक्ती नीट बसलेली नव्हती. तेव्हा मांडीला चामड्याचा पट्टा आवळून, दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागऱ्या लावून बराचसा भार मांडीवर घेत. पाय जड होई आणि मांडी रोड होत जाई. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत चार्ल्स रॅडक्लिफ आणि जेम्स फोर्ट यांनी १९५९ च्या सुमारास वाटीखालच्या कंडरेवर भार घेणारे सॉकेट पद्धतशीर मांडले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'पीटीबी' म्हणतात. मांडीचा पट्टा गेला, बिजागऱ्या गेल्या. पुढे नव्या रीती आल्या. आइसलंडच्या ओसुर क्रिस्टिन्सन यांनी १९८० नंतरच्या दशकात खुंटावर गुंडाळत चढवायचा सिलिकोनचा मऊ मोजा प्रचारात आणला, आणि भार सर्व पृष्ठभागावर पसरवण्याचा विचार बळावला. पण आपल्याकडे अनेक कार्यशाळांत आजही पहिला धडा पीटीबीचाच असतो.

आता सॉकेट बनते कसे ते पाहू. माणसाला उंच स्टुलावर बसवतात, गुडघा किंचित वाकलेला. खुंटावर पातळ सुती मोजा चढवून त्यावर कॉपिंग पेन्सिलीने हाडांच्या खुणा करतात. मग प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळतात. प्लास्टर घट्ट होईपर्यंत कारागीर दोन्ही अंगठ्यांनी कंडरेच्या बाजू दाबून धरतो आणि बाकीच्या बोटांनी मागची लवण. पट्टी वाळली की ती टोपीसारखी निघते आणि पेन्सिलीच्या खुणा आतून उमटलेल्या दिसतात. या टोपीत पातळ प्लास्टर ओतले की खुंटाची भरीव प्रतिमा तयार. चांभाराकडे जसा कलबूत, तसा हा आमचा कलबूत.

आणि आता, श्रोतेहो, हा कलबूत मुद्दाम बिघडवायचा असतो! जिथे भार घ्यायचा तिथले प्लास्टर कानशीने काढायचे, म्हणजे सॉकेट त्या जागी आत येईल. जिथे सूट द्यायची तिथे प्लास्टर चढवायचे, म्हणजे सॉकेट बाहेर राहील. हे काढणे-चढवणे मोजक्या मिलिमीटरांचे. कमी काढले तर खुंट सॉकेटात खाली घसरतो आणि नडगीचे टोक तळाला आपटते. जास्त काढले तर कंडरेखाली रक्त अडते. मागची कड उंच ठेवली तर बसताना मांडीमागे रुतते आणि माणसाला मांडी घालता येत नाही. फार उतरवली तर पुढचा आधारच ढिला होतो. जेवायला पाटावर बसणाऱ्या माणसाची कड आणि खुर्चीवर बसणाऱ्याची कड एकच ठेवून चालत नाही.

कलबूत झाला की त्यावर सॉकेट ओढायचे. जयपूरला प्रारंभी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून सॉकेट करीत. पुढे पाण्याच्या नळासाठी वापरतात तसला एचडीपीईचा पाइप भट्टीत तापवून कलबुतावर ओढण्याची रीत आली. अनेक ठिकाणी पॉलिप्रोपिलीनचा पत्रा तापवून, पंपाने हवा शोषून घेऊन तो कलबुताला चिकटवतात. काम झपाट्याचे असते; पत्रा निवला की खेळ संपला.

इथे दुसरी मेख आहे. प्लॅस्टिक निवताना आकसते. पॉलिप्रोपिलीन शंभराला एक ते दोन इतके आकसू शकते. दहा सेंटिमीटर व्यासाचे सॉकेट गरम असतानाच घाईने कलबुतावरून उतरवले, तर व्यासात दोन मिलिमीटरांपर्यंत फरक पडू शकतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. तोंडाशी वेगळा, तळाशी वेगळा. म्हणून जाणता कारागीर ते रात्रभर कलबुतावरच निवू देतो. 'सकाळी माप, संध्याकाळी पाय' यातली अडचण आता आपल्या ध्यानात आली असेल. जलद काम वाईटच असते असे मला म्हणायचे नाही. दूरवरून आलेल्या माणसाला पुनःपुन्हा हेलपाटे घालवत नाहीत, हेही खरे. पण निवण्याला लागणारा वेळ आणि चालवून पाहण्याला लागणारा वेळ, हे दोन वेळ चोरता येत नाहीत.

दोन मिलिमीटरांनी असे काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. पुन्हा हिशोब करू. आपल्या त्या पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या सॉकेटात त्रिज्या फक्त एक मिलिमीटरने वाढली, तर आतली जागा शंभराला चार इतकी वाढते. पंधरा सेंटिमीटर लांबीत ती होते सुमारे ४७ घनसेंटिमीटर, म्हणजे मोठे तीन चमचे पाणी मावेल इतकी. एवढ्या पोकळीत खुंट दर पावलाला वरखाली होतो आणि कातडी घासते.

याचा पद्धतशीर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांच्या नेहमीच्या सॉकेटांचे आकार संगणकावर घेतले आणि त्यांवरून कारखान्यांकडून ३३ प्रतिकृती बनवून घेतल्या. मग मूळ आकाराशी त्या ताडून पाहिल्या आणि तज्ज्ञांकडून प्रत्यक्ष पायावर तपासल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : ३३ पैकी २३ सॉकेटांत दुरुस्ती करावी लागणार होती. ज्या १३ सॉकेटांत त्रिज्येची सरासरी चूक पाव मिलिमीटरपेक्षा जास्त होती, त्यांतले एकही पसंत पडले नाही. पाव मिलिमीटर म्हणजे किती? वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवा, तेवढे. शिवाय सरासरी बरोबर असूनही काही सॉकेटे नापास झाली, कारण त्यांच्या पृष्ठभागावर एखाद्या ठिकाणी उंचवटा वा खळगा राहिला होता. एकूण माप जुळले तरी खडा एका जागीच टोचतो.

तेव्हा अचूकपणाचे दोन प्रकार झाले, ते वेगळे ओळखायला हवेत. पहिला प्रश्न : आकार योग्य ठरवला काय? दुसरा : जो ठरवला तोच हाती आला काय? पहिला कारागिराच्या बोटांचा आणि अभ्यासाचा; दुसरा यंत्राचा, भट्टीचा आणि शिस्तीचा. पीटीबी मांडणारे जेम्स फोर्ट हे पुढे कॅनडात व्हँकूव्हरला संगणकाने सॉकेट कोरण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांतही होते. आता खुंटाचे चित्र प्रकाशकिरणांनी घेता येते, संगणकावर मिलिमीटर सांगून कलबूत बिघडवता येतो, यंत्र तो कोरते. थरावर थर चढवून सबंध सॉकेटही छापता येते. याचा मोठा लाभ हा की काल कोणता आकार दिला होता त्याची नोंद राहते आणि आज त्यात नेमका बदल करता येतो. परंतु प्रकाशकिरण खुंटाला हात लावत नाही. मांस कुठे मऊ, कुठे घट्ट, दाबले तर किती सरेल, हे त्याला कळत नाही. चुकीचा ठरवलेला आकार यंत्र इमानेइतबारे चुकीचाच कोरून देईल.

म्हणून शेवटची परीक्षा पायावरच. चांगल्या कार्यशाळेत आधी पारदर्शक प्लॅस्टिकचे कच्चे सॉकेट करतात. माणूस त्यात उभा राहिला की कुठे कातडी दाबाने पांढरी पडते ते बाहेरून दिसते. तळाशी मऊ मातीची लहान गोळी ठेवतात. ती आहे तशीच राहिली तर खुंट तळाला टेकत नाही, अगदी चपटी झाली तर फारच आपटतो. तळाला हलका स्पर्श हवाच. वरून घट्ट आणि खाली पोकळ असे सॉकेट असले तर टोकाला सूज उतरते आणि कातडी काळवंडून खरखरीत होते. मग थोडे चालवून, सॉकेट काढून कातडी पाहायची. सोसणाऱ्या जागी फिकट लाली असावी आणि ती दहा मिनिटांत विरावी. न सोसणाऱ्या जागी लाली दिसली, किंवा दहा मिनिटांनंतरही राहिली, तर सॉकेट परत कारागिराकडे.

एवढे केल्यावर तरी काम संपले काय? नाही. कारण सॉकेट स्थिर आणि खुंट अस्थिर. शस्त्रक्रियेनंतर पहिले वर्ष-दीड वर्ष खुंट आटत जातो, म्हणून पहिले सॉकेट हे पहिलेच असते, कायमचे नव्हे. पुढेही सकाळचा खुंट आणि संध्याकाळचा खुंट यांत फरक असतो. त्यासाठी एक पदरी, तीन पदरी, पाच पदरी असे मोजे देतात. सैल वाटले की एक मोजा वाढवायचा. पण मोज्यांचे पदर दहा-पंधरावर गेले तर मोजा वाढवू नका, सॉकेट बदला. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावे. त्यांच्या कातडीची जाणीव बोथट झालेली असते. सॉकेट चावले तरी त्यांना ते कळत नाही. त्यांनी रोज रात्री खुंट साबणाने धुऊन, कोरडा करून, आरशात सर्व बाजूंनी पाहावा.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले, आणि मुंबईत हाजी अलीला १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. म्हणजे ही विद्या आपल्या दारात नवी नाही. नवे शिकायचे आहे ते पाय घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने. देणाऱ्याने किती पाय वाटले एवढेच न मोजता सहा महिन्यांनी त्यातले किती चालताहेत तेही मोजावे. आणि घेणाऱ्याने भीड धरू नये. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे कशी ठेवायची, असे वाटून कित्येकजण मुकाट्याने जखमा सोसतात. तसे करू नका. "इथे टोचते", एवढे बोट ठेवून सांगा. ज्याचे जळते त्यालाच कळते. ते आमच्या यंत्राला कळत नाही. आपले ते बोट हेच आमचे सर्वात बारीक माप.

त्या शेतकऱ्याची जखम भरायला दीड महिना लागला. मग त्याच पावलावर आम्ही नवे सॉकेट चढवले. नडगीच्या टोकाशी थोडी सूट दिली, कंडरेखाली थोडे आत घेतले, आणि दोन वेळा त्याला परत बोलावून कड घासून दिली. पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा तो बांधावरून चालत मला सामोरा आला. घरात खुंटीवर फक्त बैलांचा कासरा होता. मुलाची शाळा मात्र सुटली ती सुटलीच. थोड्या मिलिमीटरांची किंमत कधीकधी अशी, दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.